अन्याय दिसत असताना देवाच्या दीर्घ योजनेवर विश्वास कसा ठेवावा : याकोबाच्या घराण्याच्या कथेवरून एक अभ्यासपद्धती

उत्पत्तीच्या पुस्तकातला २७ वा अध्याय प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला तो कुठेतरी खटकतोच. आंधळ्या बापाला, इसहाकाला, धाकटा मुलगा याकोब फसवतो, त्या फसवणुकीची आखणी आई रिबका करते, थोरला मुलगा एसाव शिकारीवरून परत येतो आणि झाला प्रकार कळल्यावर हंबरडा फोडतो. आणि एवढे सगळे होऊनही दिलेला आशीर्वाद मागे घेतला जात नाही. लबाडी करणारा याकोबच पुढे इस्राएलाचा मूळपुरुष ठरतो. ‘देवाची इच्छा’ एवढ्या दोन शब्दांत हा प्रश्न मिटवणाऱ्यांनी एसावाचे रडणे नीट ऐकलेले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच प्रश्न आपल्या घरात, नोकरीत किंवा चर्चच्या मंडळीत उभा राहिला, म्हणजे ते उत्तर दोन दिवसही पुरत नाही.

ज्यांचा देवावर विश्वास आहे, पण सदोष माणसांच्या हातून होणारे अन्याय पाहून ज्यांचे मन त्या विश्वासाशी झगडते, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. तिला पवित्र शास्त्र, एक वही आणि काही आठवड्यांचा सवडीचा वेळ एवढेच लागते. तिने प्रश्न सुटतीलच असे नाही; पण कोणता प्रश्न देवाला विचारायचा, कोणता माणसाला विचारायचा आणि कोणता स्वतःला विचारायचा, हे बऱ्याच अंशी वेगळे करता येते.

कथा पूर्ण लांबीने वाचावी

उत्पत्तीचा २५ वा अध्याय ते ५० वा अध्याय हा भाग दोन किंवा तीन बैठकींत सलग वाचावा. प्रवचनात सहसा एकच अध्याय घेतला जातो, आणि एका अध्यायापुरते पाहिले तर लबाड माणूस जिंकलेला आणि भोळा माणूस हरलेलाच दिसतो. सलग वाचताना जिथे जिथे वय किंवा वर्षांचा आकडा येतो, तिथे तो वहीत उतरवून घ्यावा. हे काम रुक्ष वाटते, पण पुढचा सगळा अभ्यास त्याच्यावर उभा आहे.

इसहाकाचे लग्न ४० व्या वर्षी झाले आणि जुळी मुले झाली तेव्हा तो ६० वर्षांचा होता. म्हणजे वंशाचे वचन मिळालेल्या घराण्याने एका गर्भधारणेसाठी २० वर्षे वाट पाहिली. याकोबाचा मुलगा योसेफ १७ वर्षांचा असताना भावांकडून विकला गेला आणि मिसराच्या (इजिप्तच्या) राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. त्यानंतर सुकाळाची ७ वर्षे आणि दुष्काळाची २ वर्षे गेल्यावर त्याने भावांना ओळख दिली, तेव्हा तो ३९ वर्षांच्या आसपास असला पाहिजे. त्याच सुमारास मिसरात आलेला याकोब आपले वय १३० सांगतो. या आकड्यांवरून मागे मागे जात हिशेब केला, तर योसेफाच्या जन्माच्या वेळी याकोब सुमारे ९१ वर्षांचा होता आणि बापाला फसवून घर सोडले तेव्हा सुमारे ७७ वर्षांचा. म्हणजे ती पोरवयातली खोडी नव्हती. दोन पिकल्या वयाच्या भावांमधला, वर्षानुवर्षे साचलेला हेवा त्या दिवशी बाहेर आला होता.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. आपण लवकरच मरणार असे समजून आशीर्वादाची घाई करणारा इसहाक त्यानंतर ४० हून अधिक वर्षे जगला आणि १८० व्या वर्षी वारला. त्याला एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून पुरले. आकडे जुळवून पाहिले, तर त्या वेळी योसेफ मिसरातल्या तुरुंगात होता आणि त्याच्या सुटकेला फार काळ उरला नव्हता. थडग्याजवळ उभ्या असलेल्या याकोबाच्या दृष्टीने तो मुलगा केव्हाच मेला होता. देवाचे काम चालू असते तेव्हा ते कुटुंबातल्या माणसांना दिसतेच असे नाही, हे येथे कोणीही तत्त्व म्हणून सांगत नाही. ते दोन तारखांच्या मधल्या जागेत आपोआप उघडे पडते.

रिबकेचे एक वाक्यही वहीत लिहून ठेवावे. एसावाचा राग शांत होईपर्यंत थोडे दिवस माझ्या भावाकडे जाऊन राहा, असे ती याकोबाला सांगते. ते थोडे दिवस २० वर्षांचे झाले, आणि त्या मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही.

तीन रकाने

दुसऱ्या वाचनाच्या वेळी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात माणसाने काय केले, दुसऱ्यात देवाने काय म्हटले होते किंवा काय केले, आणि तिसऱ्यात त्या कृत्याची किंमत कोणी भरली, हे लिहावे. प्रत्येक प्रसंगाला तिन्ही रकाने भरतीलच असे नाही, आणि भरत नसतील तर ते ओढूनताणून भरू नयेत.

२७ व्या अध्यायाचे पान असे तयार होते. पहिल्या रकान्यात चौघांचीही नावे येतात. मुले पोटात असतानाच रिबकेला देवाकडून कळले होते की थोरला धाकट्याची सेवा करील. तरीही इसहाक शिकारीच्या मांसाच्या आवडीपायी थोरल्यालाच गुपचूप आशीर्वाद द्यायला बसतो. रिबका दाराआडून ऐकते आणि करडांची कातडी याकोबाच्या हातांवर व मानेवर बांधते. याकोबाला पाप करण्याची भीती वाटत नाही, पकडले जाण्याची वाटते. एसावाने तर आपला ज्येष्ठत्वाचा हक्क आधीच मसुरीच्या वरणासाठी विकून टाकलेला आहे. म्हातारा बाप मुलाला जवळ बोलावतो, चाचपून पाहतो आणि म्हणतो की आवाज तर याकोबाचा आहे, पण हात एसावाचे आहेत. त्याला संशय येतो, तो पुन्हा विचारतो, आणि याकोब पुन्हा खोटे बोलतो. संपूर्ण अध्यायात देव एकदाही बोलत नाही. याकोबाच्या तोंडी मात्र त्याचे नाव येते, तेही खोट्याला आधार म्हणून : तुझा देव परमेश्वर याने मला इतक्या लवकर शिकार मिळवून दिली.

दुसऱ्या रकान्यात काय लिहायचे, यासाठी २८ व्या अध्यायाची पहिली चार वचने काळजीपूर्वक वाचावीत, कारण ती बहुधा नजरेतून सुटतात. तेथे इसहाक याकोबाला समोर बोलावतो, तो कोण आहे हे पक्के ठाऊक असताना त्याला आशीर्वाद देतो, आणि अब्राहामाला दिलेले वंशाचे व देशाचे वचन त्याच्याकडे सोपवतो. फसवून मिळवलेल्या आशीर्वादात आकाशाचे दहिवर, धान्य, द्राक्षारस आणि भावांवरचे वर्चस्व आहे. अब्राहामाचा आशीर्वाद मात्र उघडपणे, कातड्यांशिवाय मिळाला. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की रिबकेची युक्ती अनावश्यक होती. देवाने जे म्हटले होते ते करायला तो समर्थ होता. काही अभ्यासक याहून वेगळे मत मांडतात आणि रिबकेने वचन जपण्यासाठी धोका पत्करला असे म्हणतात. वाचकाने दोन्ही अध्याय शेजारी ठेवून स्वतः ठरवावे.

तिसरा रकाना मात्र पुढची वीस-पंचवीस पाने भरत राहतो. धाकटी मुलगी राहेल मागणाऱ्या याकोबाच्या पदरात मामा लाबानाने रात्रीच्या अंधारात थोरली लेआ टाकली, आणि सकाळी जाब विचारल्यावर, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत, असे सांगितले. ज्याने थोरल्याला डावलले होते, त्याला हे वाक्य ऐकावे लागले. मजुरी दहादा बदलली गेली. म्हातारपणी त्याच्याच मुलांनी बकरा मारून योसेफाचा झगा रक्तात बुडवला आणि बापापुढे ठेवला. बापाला फसवायला करडांची कातडी वापरणारा आता बकऱ्याच्याच रक्ताने फसला.

एक इशारा येथे आवश्यक आहे. हा रकाना वाचून ‘करावे तसे भरावे’ असे सूत्र काढण्याचा मोह होतो, आणि त्या सूत्राने मनाला बरेही वाटते. पण ते सगळीकडे लागू होत नाही. लेआने कोणाचे काय वाईट केले होते?

लेआचे पान

लेआसाठी वेगळे पान ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवीन. बाप तिला फसवणुकीचे साधन म्हणून वापरतो, नवऱ्याला ती नको असते, आणि सख्खी बहीणच तिची सवत होते. ती मुलांची नावे ठेवते, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या वेळी तिच्या बोलण्यात नवऱ्याच्या प्रेमाची आशा असते : आता तरी तो माझ्यावर प्रीती करील, आता तरी तो माझ्याशी जडून राहील. चौथ्या मुलाच्या वेळी ती नवऱ्याचा उल्लेखच करत नाही. या वेळी मी परमेश्वराचे स्तवन करीन, एवढेच म्हणते. तो मुलगा यहूदा.

दुसऱ्या रकान्यात या पानावर एक स्पष्ट वाक्य आहे : लेआ नावडती आहे हे परमेश्वराने पाहिले. त्याने याकोबाचे मन बदलल्याचे मात्र लिहिलेले नाही. तिच्या तिसऱ्या मुलाच्या, लेवीच्या वंशात मोशे, अहरोन आणि याजकवर्ग आला, आणि यहूदाच्या वंशात दावीद. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय येशूची वंशावळ यहूदाकडूनच सांगतो, आणि त्यात त्याची सून तामार हिचेही नाव आहे, जिला यहूदाने अन्यायाने वागवले आणि शेवटी, माझ्यापेक्षा ती अधिक नीतिमान आहे, असे कबूल केले. लाडक्या राहेलीच्या वाट्याला ही वंशरेषा आली नाही.

परंतु यातले काहीही लेआला दिसले नाही. आपण मागच्या बाजूने वाचतो म्हणून आपल्याला समाधान वाटते. तिला रोजची उपेक्षाच सोसावी लागली. म्हणून देवाच्या दीर्घ योजनेचा उपयोग चालू दुःखाची भरपाई म्हणून करू नये. योजना खरी आहे आणि लेआचे अश्रूही खरे आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहून तशाच राहू द्याव्यात. जाता जाता एक नोंद : याकोबाने आपल्याला मकपेलाच्या गुहेत, म्हणजे घराण्याच्या थडग्यात, पुरावे असे मुलांना सांगितले, आणि लेआला मी तेथेच पुरले, असेही तो तेव्हा म्हणाला.

एसावाला काय मिळाले

निवडीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मुले जन्मली नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तेव्हाच निवड झाली, असे पौल रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायात लिहितो, आणि मग लगेच देवाजवळ अन्याय आहे काय, हा प्रश्न स्वतःच विचारतो. म्हणजे हा प्रश्न विचारणे अविश्वासाचे लक्षण नाही. प्रेषितालाही तो टाळता आला नाही. त्याचे उत्तर देवाच्या दयेवर आणि अधिकारावर थांबते, आणि त्या उत्तराचा अर्थ कसा लावावा याबाबत ख्रिस्ती परंपरांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत.

मी येथे वाचकाला एवढेच सुचवतो की ‘निवडला नाही’ म्हणजे ‘टाकून दिला’ असे समजण्यापूर्वी एसावाची पुढची हकिगत वाचावी. ३३ व्या अध्यायात तो ४०० माणसे घेऊन येतो, पण भावाला पाहताच धावत जाऊन मिठी मारतो. भेट म्हणून पाठवलेली जनावरे तो आधी नाकारतो, कारण त्याच्याजवळ पुष्कळ आहे. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २ ऱ्या अध्यायात देव इस्राएल लोकांना बजावतो की सेईर डोंगर मी एसावाला वतन दिला आहे, त्यातली पाऊलभर जमीनही तुम्हांला मिळणार नाही. त्याच पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात अदोमी माणसाचा, म्हणजे एसावाच्या वंशजाचा, तिरस्कार करू नको, तो तुझा भाऊ आहे, अशी आज्ञा आहे. पुढे या दोन राष्ट्रांचे वैर वाढले आणि संदेष्ट्यांनी अदोमाविरुद्ध कठोर शब्द वापरले, हेही खरे. तरी एका कामासाठी एकाची निवड झाली म्हणून दुसऱ्याचा वाटा देवाने पुसून टाकला नाही. आपल्याऐवजी दुसऱ्याला स्थान मिळाले, म्हणून ज्याच्या मनात सल आहे, त्याने अनुवादातली ही वचने वहीत लिहून ठेवावीत.

स्वतःचे पान कसे लिहावे

एवढे झाल्यावरच स्वतःच्या आयुष्यातला एक अन्याय घ्यावा, शक्यतो सर्वांत मोठा नव्हे. वाटणीत भावाने केलेली लबाडी असेल, कामाचे श्रेय दुसऱ्याने लाटले असेल किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याने पक्षपात केला असेल. पहिल्या रकान्यात कृत्याला त्याचे खरे नाव द्यावे. खोटे असेल तर खोटे, चोरी असेल तर चोरी. देव त्यातून काही चांगले घडवील या आशेने ते सौम्य करू नये. योसेफानेही भावांना, तुम्ही माझे वाईट योजिले होते, असे तोंडावर म्हटले आणि मगच देवाच्या योजनेचा उल्लेख केला.

दुसरा रकाना लिहिताना देवाने खरोखर काय वचन दिले आहे आणि आपण काय गृहीत धरले होते, यांची सरमिसळ करू नये. बेथेल येथे देवाने याकोबाला, मी तुझ्याबरोबर आहे, तुझे रक्षण करीन आणि तुला परत आणीन, असे म्हटले. लाबान प्रामाणिक निघेल असे म्हटले नव्हते. ती बढती, ते घर किंवा तो निकाल आपल्यालाच मिळेल, असे वचन कुठे आहे हे शोधू लागलो की अनेकदा रकाना रिकामा राहतो, आणि देवावरचा बराचसा राग त्याने न दिलेल्या वचनाबद्दल होता, असे लक्षात येते.

मग तक्रार करावी, आणि ती देवापाशी करावी. १३ व्या स्तोत्रात ‘कोठवर’ हा प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो. ७३ व्या स्तोत्रात दुष्टांची भरभराट पाहून आपले पाय घसरायला आले होते, असे आसाफ उघड सांगतो. ज्यांना प्रार्थनेत रागाचे शब्द वापरायची भीती वाटते, त्यांनी ही स्तोत्रे मोठ्याने वाचावीत.

त्यानंतर हातात जे असेल ते करावे. विश्वास ठेवणे म्हणजे गप्प बसणे, हा गैरसमज फार नुकसान करतो. तुरुंगातल्या योसेफाने फारोच्या प्यालेबरदाराला (पेय देणाऱ्या सेवकाला), फारोपाशी माझी आठवण काढ, मी काही अपराध केलेला नाही, असे सांगितले. त्याने दोन वर्षे ते विसरून टाकले, पण म्हणून सांगणे चूक ठरत नाही. याकोबाने लाबानाला २० वर्षांचा हिशेब तोंडावर ऐकवला. जिवाला धोका असेल तेथून तर निघूनच जावे. एसाव जिवावर उठला तेव्हा आईबापांनी याकोबाला दूर पाठवले, आणि देव त्याला वाटेत भेटला. क्षमा करण्यापूर्वी योसेफाने भावांची कसोटीही पाहिली : धाकट्या भावाला, बन्यामिनाला, गुलाम म्हणून ठेवून घेण्याची वेळ आणली, तेव्हा ज्या यहूदाने एके काळी योसेफाला विकण्याचा सल्ला दिला होता, तोच बन्यामिनाच्या जागी गुलाम व्हायला पुढे आला. माणूस बदलला आहे की नाही हे पाहण्यात अविश्वास नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. ‘देवाने ते चांगल्यासाठी योजिले’ हे वाक्य दुसऱ्याच्या जखमेवर ठेवू नये. योसेफाने भावांना ओळख दिली तेव्हा विकले जाऊन सुमारे २२ वर्षे झाली होती, आणि ५० व्या अध्यायातले प्रसिद्ध वाक्य तर त्याने सुमारे ३९ वर्षांनंतर उच्चारले. दोन्ही वेळा बोलणारा तो स्वतः होता, ज्याने सोसले होते. तेच शब्द भावांनी, त्याला टाकलेल्या खड्ड्याच्या तोंडाशी उभे राहून त्याला ऐकवले असते, तर तो निव्वळ निर्लज्जपणा ठरला असता. मंडळीतले पुढारी आपल्या चुका झाकण्यासाठी हे वचन वापरतात तेव्हा ते नेमके हेच करत असतात.

स्वतःच्या पानावर कधीकधी पहिल्या रकान्यात आपलेच नाव लिहावे लागते. तेव्हा ३२ वा अध्याय उघडावा. एसावाची भेट होण्यापूर्वी याकोबाने शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई आणि गाढवे मिळून साडेपाचशेवर जनावरे पुढे पाठवली. त्यात भीती होती, हिशेबीपणाही होता. तरी ज्याचे घेतले त्याच्याकडे काही तरी परत गेले. योजना देवाची होती म्हणून भरपाईची गरज नाही, असे त्याने म्हटले नाही. त्याच रात्री यब्बोक नदीच्या काठी एका पुरुषाशी झालेल्या झुंजीत त्याची मांडी लचकली, आणि आशीर्वाद घेऊन तो लंगडत निघाला.

प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि वर्षभराने ते पुन्हा वाचावे. जुने लिखाण खोडू नये, खाली नवे लिहावे. १३० वर्षांच्या याकोबाने फारोला सांगितले की माझ्या आयुष्याचे दिवस थोडे आणि दुःखाचे झाले. सुमारे १७ वर्षांनंतर, मरणापूर्वी योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देताना त्याच आयुष्याबद्दल तो म्हणाला की देवाने जन्मभर मला मेंढपाळासारखे सांभाळले. पहिले विधान खोटे ठरवून त्याने दुसरे केले नाही, आणि उत्पत्तीच्या लेखकानेही दोन्ही ठेवली आहेत.